बुडीत येणं कोणाच्या नावे? तंजावरच्या उभ्या पिकावरची उधारी

आजचा भाग हिशेबाचा आहे. पण जमा-नावे ऐकून लगेच पुढे जाऊ नका. या हिशेबात एक राजा कैद झाला, एक गव्हर्नर नजरकैदेत मेला आणि लंडनच्या पार्लमेंटात रात्रभर भांडण झालं. भांडणाचं मूळ होतं एक साधा प्रश्न. दुसऱ्याकडे अडकलेले पैसे परत येणार नाहीत हे कळल्यावर तो तोटा कोणाच्या नावे टाकायचा?

सुरुवात एका गावापासून करतो. कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं की सात-आठ किलोमीटरवर तिरुभुवनम् येतं. तिथलं मोठं शिवमंदिर तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलं. त्याचा काळ ११७८ ते १२१८. ‘त्रिभुवनवीर’ हे त्याचं बिरुद, आणि गावाचं नाव त्यावरून. देवाचं नाव कंपहरेश्वर, म्हणजे अंगाची थरथर घालवणारा. मंदिराच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत शिरलं की हातमागांचा आवाज येतो. इथले बरेच विणकर सौराष्ट्र समाजाचे, पिढ्यानपिढ्यांपूर्वी गुजरातेकडून दक्षिणेत आलेले. त्यांच्या घरच्या बोलीत मराठी कानाला ओळखीचे वाटणारे शब्द येतात आणि आपण चमकून वळून बघतो. इथली रेशीम विणकरांची सहकारी संस्था १९५५ सालची, लोक तिला ‘थिको’ म्हणतात. २०१९ मध्ये तिरुभुवनमच्या रेशमी साडीला भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि शेजारचंच गाव तिरुविडैमरुदूर, म्हणजे मध्यार्जुन. तंजावरच्या गादीवरून दूर झाल्यावर अमरसिंह भोसले तिथे राहायला आले. म्हणजे आपण तमिळनाडूत उभे असलो तरी मराठ्यांच्या मुलखात उभे आहोत. वेंकोजीराजांपासून जवळजवळ सव्वाशे वर्षं हा कावेरीचा भातपट्टा भोसल्यांच्या राज्यात होता.

मी गेलो होतो मंदिर बघायला. तिथे एका साडीच्या घाऊक दुकानात बसलो. दुकानदार वयस्क होते. थोडं हिंदी, थोडं तमिळ, थोडं हातवारे, असं आमचं बोलणं. समोर उधारीची वही उघडी होती. काही नावांपुढे त्यांनी पेन्सिलीने बारीक फुली केली होती. मी विचारलं, हे कोण? ते म्हणाले, यांचा माल गेला, पैसे आले नाहीत, बहुतेक येणारही नाहीत. मग नाव का ठेवलंय? ते हसले. म्हणाले, नाव खोडलं तर तो आला तरी मला आठवणार नाही. आणि नुसतंच ठेवलं तर मीच स्वतःला श्रीमंत समजेन. म्हणून फुली.

मंडळी, जगभरच्या हिशेबशास्त्राने या विषयावर जे काही लिहिलंय त्याचा गाभा या पेन्सिलीच्या फुलीत आहे. आधी तो नीट समजून घेऊ, मग अठराव्या शतकात जाऊ.

उधारीवर माल विकला की व्यापारी त्याच दिवशी विक्री जमा धरतो. नफा वहीत दिसतो, पैसा मात्र अजून गिऱ्हाइकाच्या खिशात असतो. ताळेबंदात ही रक्कम ‘येणे’ म्हणून मालमत्तेच्या बाजूला बसते. दुकानातलं रेशीम, जरी, कपाट, यांच्या रांगेत. पण कपाट हाताला लागतं. येणं म्हणजे कोणाच्या तरी शब्दावरचा विश्वास. आपल्याकडे दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते ती उगाच नाही.

समजा एका व्यापाऱ्याची एकूण उधारी १०,००,००० रुपये आहे. त्यातली ६,००,००० गेल्या महिन्याभरातली, ताजी. ३,००,००० सहा महिन्यांची. आणि १,००,००० वर्षावर झालेली. अनुभवावरून त्याला माहीत आहे की ताज्या उधारीतले शंभरात एक रुपया बुडतो, सहा महिन्यांच्या उधारीत दहा, वर्षावरच्या उधारीत पन्नास. मग हिशेब असा: ६,०००, ३०,००० आणि ५०,०००. बेरीज ८६,०००. ही रक्कम तो याच वर्षीच्या नफ्यातून बाजूला काढतो. आपल्या पतसंस्थांच्या वार्षिक अहवालात ‘संशयित व बुडीत कर्ज निधी’ अशी ओळ असते, ती हीच. मग ताळेबंदात येणं दिसतं ९,१४,०००. कोणतं गिऱ्हाईक बुडवणार हे अजून माहीत नाही. पण कोणीतरी बुडवणार हे माहीत आहे, आणि ज्या वर्षीच्या विक्रीमुळे हा तोटा होणार, त्याच वर्षी तो मान्य केलाय.

पुढे एखादं गिऱ्हाईक खरंच दिवाळखोर निघालं की त्याची रक्कम या निधीतून वजा होते. याला म्हणतात निर्लेखन. इथे एक गैरसमज नेहमी होतो. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. व्यापारी स्वतःच्या वहीत खरं लिहितो, एवढंच. ऋणकोचं देणं तसंच राहतं. उद्या त्याने पैसे आणून दिले तर ते घेता येतात, आणि आयकरासाठी ती त्या वर्षीची मिळकत धरली जाते. दुकानदाराची फुली म्हणजे हेच. नाव ठेवलं, पण त्याच्या भरवशावर घर बांधायला घेतलं नाही.

आता एक प्रश्न विचारतो, तो शेवटपर्यंत लक्षात ठेवा. समजा व्यापाऱ्याने फुली केलीच नाही. समजा तो इतका वजनदार आहे की बुडालेलं येणंही दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल करून घेऊ शकतो. मग काय होतं?

चला तंजावरला.

अठराव्या शतकाच्या मध्यात गादीवर होते दुसरे तुळजाजी राजे, १७६३ पासून. शेजारी अर्काटचा नवाब मुहम्मद अली. नवाबाचं म्हणणं, तंजावर मला खंडणी देणं लागतं. १७६२ मध्ये इंग्रजांच्या मध्यस्थीने तह झाला. मागची बाकी २२ लाख रुपये हप्त्यांनी आणि पुढे दरवर्षी ४ लाख. त्या वेळी मद्रासचा गव्हर्नर होता जॉर्ज पिगट. हे नाव लक्षात ठेवा.

नवाब स्वतः कर्जात बुडालेला होता. इंग्रजांच्या फौजेचा खर्च त्याच्या डोक्यावर, वर दरबारी थाट. पैसे कोण देत होतं? मद्रासमधले कंपनीचेच नोकर. कारकून, व्यापारी, लष्करी अधिकारी. स्वतःचे आणि दुसऱ्यांचे पैसे ते नवाबाला व्याजाने द्यायचे. सुरुवातीला व्याज वर्षाला ३० टक्क्यांच्याही वर, मग २५, मग २०, आणि कर्ज एकत्र बांधल्यावर १०. तारण म्हणून नवाब एखाद्या जिल्ह्याचा महसूल लिहून द्यायचा.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम आहे. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. पुढे मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मान्य केला. या नियमामागे शहाणपण होतं. व्याज फुगत गेलं की एका मर्यादेनंतर तो आकडा फक्त कागदावर वाढतो, माणसाची देण्याची ताकद वाढत नाही. मद्रासच्या सावकारांना ही मर्यादा नव्हती. थकलेलं व्याज मुद्दलात, त्यावर नवा रोखा, त्यावर पुन्हा व्याज. वहीत प्रत्येक सावकार श्रीमंत होत होता.

आता साखळी बघा. तंजावर नवाबाचं देणं लागतं. नवाब कंपनीच्या नोकरांचं देणं लागतो. आणि फौज कुठे पाठवायची हे ठरवणाऱ्या मद्रास कौन्सिलला याच सावकारांनी वेढलेलं, काही तर खुद्द कौन्सिलात. नवाबाकडचं येणं बुडीत दिसायला लागलं, की ते तरायचा एक मार्ग होता. तंजावर.

१७७१ मध्ये नवाबाचा मुलगा आणि इंग्रज फौज तंजावरवर चालून गेली. तुळजाजींनी तह केला. मागची बाकी ८ लाख आणि वर मोहिमेचा खर्च ३२ लाख ५० हजार. म्हणजे वसुलीला आलेल्यांचा भत्ता मूळ बाकीच्या चौपट! त्यातले सुमारे १० लाख राहिले. तेवढी बाकी हे एक कारण पुढे करून सप्टेंबर १७७३ मध्ये पुन्हा स्वारी झाली. किल्ला पडला, राजा कुटुंबासह कैद झाला आणि तंजावरचं राज्य नवाबाच्या हाती गेलं. कावेरीकाठचं भाताचं कोठार मिळालं म्हटल्यावर नवाबाचे रोखे पुन्हा जिवंत झाले. तिरुभुवनमच्या आसपासचं शेत पिकवणाऱ्या कुळाला मद्रासमध्ये कोणी कोणाला किती टक्क्यांनी पैसे दिले हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण त्याच्या खळ्यावरचं भात आता त्या कर्जाचं तारण होतं.

लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांना हे पसंत पडलं नाही. त्यांनी पिगटला पुन्हा गव्हर्नर करून पाठवलं. हुकूम एकच: तंजावर राजाला परत द्या. ११ एप्रिल १७७६ रोजी पिगटने स्वतः तंजावरला जाऊन तुळजाजींना गादीवर बसवलं.

आणि मग पुढे आला पॉल बेनफिल्ड. कंपनीचा कनिष्ठ नोकर, पगार वर्षाला काही शे पौंड. त्याने दावा लावला. नवाबाला मी पैसे दिलेत, त्याबद्दल तंजावरच्या महसुलावर माझा १,६२,००० पौंडांचा रोखा आहे. शिवाय तंजावरमधल्या रयतेला आणि इतरांना दिलेले ७२,००० पौंड, त्यांना तारण शेतातलं उभं पीक. एकूण २,३४,००० पौंड. शंभरांत पगार घेणाऱ्याचं येणं लाखांत!

कौन्सिलने आधी ठराव केला की दाव्याला पुरेसा पुरावा नाही, यात आम्हाला काही करता येत नाही. थोड्याच दिवसांत बहुमत फिरलं. नवा युक्तिवाद आला: पेरणी झाली तेव्हा मुलूख नवाबाकडे होता, म्हणून पीक नवाबाचं, म्हणून त्यावरचा रोखा चांगला. आता विचार करा. राज्य राजाला परत दिलं, पण शेतातलं भात सावकाराला. राजाने खायचं काय आणि पुढच्या हंगामाला बी कुठून आणायचं?

पिगट अडून बसला. त्याने विरोधी सदस्यांना निलंबित केलं. २४ ऑगस्ट १७७६ रोजी बहुमतवाल्यांनी गव्हर्नरलाच अटक केली. ११ मे १७७७ रोजी तो कैदेतच वारला. पुढे चौघा कौन्सिलरांवर लंडनमध्ये खटला चालला, ते दोषी ठरले. शिक्षा प्रत्येकी १,००० पौंड दंड. पिगटही काही संत नव्हता, पहिल्या कारकिर्दीत त्यानेही मोठी माया जमवली होती. पण या प्रकरणात तो एक गोष्ट बरोबर म्हणत होता: खाजगी माणसाचं बुडीत येणं कंपनीच्या बंदुकीने वसूल होता कामा नये.

इथे कोणी म्हणेल, त्या काळी बुडीत कर्जाचा हिशेब लोकांना कुठे माहीत होता? होता, मंडळी. इंग्लंडमध्ये माणूस मेल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची, तेव्हा त्याची येणी दोन भागांत लिहायची पद्धत होती: वसुलीची आशा असलेली आणि आशा सुटलेली. घरच्या साध्या वाण्याच्या बाबतीत जो भेद ते करत होते, तो मद्रासच्या सावकारांनी केला नाही, कारण त्यांना तो करायची गरज पडली नाही.

आता दृश्य लंडनचं. १७८४ मध्ये पिटचा इंडिया कायदा झाला. नवाबाच्या कर्जांची चौकशी करायची, खरी कोणती, खोटी कोणती, असं त्यात होतं. पण नव्या नियंत्रण मंडळाने, तिथे हेन्री डंडासचं वजन, चौकशी न करताच तीन गटांची कर्जं मान्य केली. १७६७ चं कर्ज, सुमारे ८,८०,००० पौंड. घोडदळाचं कर्ज, १,६०,०००. आणि १७७७ मध्ये एकत्र बांधलेलं कर्ज, २४,००,०००. कर्नाटकच्या महसुलातून दरवर्षी ४,८०,००० पौंड या कामी लावायचे ठरले. बेनफिल्ड स्वतः १७८० मध्ये पार्लमेंटचा सदस्य झालेला होता हे इथे सांगायला हवं.

२८ फेब्रुवारी १७८५ रोजी एडमंड बर्क यावर बोलायला उभा राहिला. त्याचा मुद्दा सरळ होता. ही कर्जं खरी आहेत हे कोणी तपासलं? आणि फेडणार कोण? हैदर अलीच्या स्वारीने उजाड झालेला मुलूख. ठराव पडला. भाषण तेवढं छापून राहिलं.

ही गोष्ट इथे संपली असती तर म्हटलं असतं, बर्क वक्ता होता, वाढवून बोलला असेल. पण पुढे एक तपासणी झाली आणि तिचे आकडे आहेत. १८०१ मध्ये कर्नाटक कंपनीने खालसा केलं. तेव्हा नवाबाचे आणखी धनको पुढे आले. १८०५ मध्ये आयोग नेमला गेला. या वेळी प्रत्येक दाव्याचे कागद मागितले, जबाब घेतले. काम सुमारे पाव शतक चाललं. एकूण दावे आले ३ कोटी पौंडांहून थोडे जास्त. मंजूर झाले सुमारे २७ लाख. शंभर पौंडांतले नऊ.

हा आकडा १७८४ ला विनाचौकशी मान्य झालेल्या कर्जांना जसाच्या तसा लावता येणार नाही. ती वेगळी कर्जं होती. पण जिथे तपासलं तिथे शंभरातले एक्क्याण्णव उडाले, आणि जिथे तपासलं नाही तिथे शंभरातले शंभर दिले गेले, एवढं तर दिसतंच.

आता तो मघाचा प्रश्न. फुली न करणाऱ्या वजनदार सावकाराच्या बाबतीत काय होतं? तोटा नाहीसा होत नाही. पैसे एकदा नवाबाच्या दरबारात खर्च होऊन गेले होते. ते कोणाच्या तरी नावे पडणारच होते. धनकोच्या वहीत पडले नाहीत म्हणून ते राजाच्या नावे पडले, मग मुलखाच्या महसुलाच्या नावे, आणि शेवटी खळ्यावर भात मोजून देणाऱ्या माणसाच्या नावे. त्या माणसाकडे वही नव्हती. म्हणून मला वाटतं, बुडीत कर्जाची तरतूद ही हिशेबनिसाची कटकट वाटली तरी तिच्यात न्यायाचा भाग आहे. ज्याने जोखीम घेऊन व्याज खाल्लं, त्याने तोटाही आपल्याच वहीत लिहायचा.

आजच्या काळात यातलं काय उरलंय? बँकांना आता थकबाकी लपवता येऊ नये म्हणून नियम आहे: हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की ते कर्ज अनुत्पादक धरायचं आणि त्यावर तरतूद करायची. मोठ्या कंपन्यांना पैसे बुडण्याची वाट न बघता अपेक्षित तोटा आधीच धरावा लागतो. कराच्या बाबतीत २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात सांगितलं की १ एप्रिल १९८९ नंतर कर्ज खरोखर बुडालं हे सिद्ध करत बसायची गरज नाही, व्यापाऱ्याने ते आपल्या वहीतून निर्लेखित केलं की वजावट मिळते. म्हणजे कायदासुद्धा शेवटी त्या पेन्सिलीच्या फुलीपाशीच येतो.

आणि विणकर? हातमाग संस्थांची येणी नुसती गिऱ्हाइकांकडे नसतात. शिखर संस्थेकडे असतात, सरकारी सवलतीच्या परताव्यात असतात. ती रखडली की संस्थेचं बँकेचं कर्ज थकतं, सूत उचलता येत नाही आणि माग थांबतो. २०११ मध्ये केंद्र सरकारने हातमाग क्षेत्रासाठी ३,८८४ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. तिचा मोठा भाग संस्थांची आणि विणकरांची थकलेली कर्जं निकाली काढण्याचा होता. इथे तोटा सरकारच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या नावे पडला. पण उघडपणे, रक्कम ठरवून. कोणाच्या उभ्या पिकावर चोरून टाकला नाही. दोनशे वर्षांत एवढा फरक पडला, आणि तो लहान नाही.

बेनफिल्डचं पुढे काय झालं, हे राहिलं. लंडनमध्ये तो एका सावकारी पेढीचा भागीदार झाला. शतक संपता संपता ती पेढी बुडाली. १८१० मध्ये तो पॅरिसमध्ये कंगाल अवस्थेत मेला. म्हणजे शेवटी कोणाच्या तरी वहीत त्याच्याच नावापुढे फुली पडली.

त्या दुकानातून निघताना मी एक साडी घेतली. दुकानदारांनी पैसे मोजून घेतले, पावती फाडली आणि वही मिटली. मी म्हटलं, माझं नाव नाही लिहिलंत? ते म्हणाले, रोख देणाऱ्याचं नाव या वहीत नसतं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.